रंग येऊ द्या

पायाने स्टूल ओढायचं, टेबलाकडे पाठ करून त्यावर बसायचं, हातमोजे घातलेले दोन्ही हात निर्जंतुक फडक्यात गुंडाळून छातीशी धरायचे आणि समोरच्या भिंतीला सांगितल्यासारखं म्हणायचं, "टॉवेल टाका, सिस्टर. रंग येऊ द्या."

आमचे सर आठवले की मला आधी त्यांची पाठ आठवते. हिरव्या गाऊनच्या नाड्या तिरक्या बांधलेल्या, मानेवर घामाची रेघ, आणि पलीकडे चुना उडालेली भिंत. पोट उघडं टाकून सर्जन भिंतीकडे तोंड करून बसलाय, हे दृश्य तुम्ही कुठे पाहिलं नसेल. मी नागपूरच्या एका सरकारी दवाखान्याच्या थिएटरात बरीच वर्षं पाहिलं, आणि पहिल्या वेळी मलाही वाटलं होतं की हा माणूस दमला, आता काही खरं नाही.

दमलेले ते असायचेच. आम्ही सगळेच असायचो. एप्रिल-मे महिन्यात नागपुरात सकाळी दहालाच भिंती तापतात. थिएटरात एक कूलर होता, त्यातलं पाणी दुपारपर्यंत आटायचं आणि मग तो नुसता गरम वारा फेकत राहायचा. मी तिथली सिस्टर. हत्यारं हातात देणं, फडकी मोजणं, सलाईन गरम ठेवणं हे माझं काम, आणि उभं राहणं हे सगळ्यात मोठं काम. माझ्या पायाच्या शिरा त्याच फरशीवर उभ्या राहून फुगल्या. सरांना ते माहीत होतं. भिंतीकडे तोंड करून बसले की दर वेळी म्हणायचे, "तुम्हीही बसा, सिस्टर." मी म्हणायची, "हात धुतलेत, सर. मला कसं बसता येईल?" आणि स्टूल तर एकच होतं. हा संवाद इतका ठरलेला होता की ते विसरले असते तर मीच आठवण करून दिली असती.

ते थांबायचे कशासाठी, ते सांगते. आतड्याला पीळ पडला किंवा हर्नियात आतडं अडकून आवळलं गेलं की त्याचा रक्तपुरवठा तुटतो. आतडं काळं पडतं. पीळ सोडवला, गाठ मोकळी केली, तरी ते लगेच काळंच दिसतं. आता ते मेलेलं आहे की नुसतं गुदमरलेलं, हे कसं ओळखायचं? मेलेलं आत ठेवलं तर काही दिवसांत सडून फुटतं आणि माणूस जातो. जिवंत कापलं तर माणसाचं आतडं फुकट गेलं. म्हणून गरम सलाईनमध्ये पिळलेला टॉवेल त्यावर टाकायचा आणि थांबायचं. रक्त परत आलं तर रंग येतो. त्या फडक्याला बाकी सगळे मॉप म्हणायचे, सर मात्र टॉवेलच म्हणायचे, जणू नाहणीतून हाक मारतायत.

थांबायचे सगळेच सर्जन. कोणी थोडं, कोणी जास्त. पण भिंतीकडे तोंड करून बसणारे हे एकटेच. एकदा मी विचारलं, "सर, तुम्ही बघत का नाही?"

"तुम्ही इतवारीत साडी घ्यायला जाता," ते म्हणाले, "दुकानातल्या दिव्याखाली अर्धा तास बघितली की कुठलीही साडी चांगली दिसायला लागते. मग काय करता?"

"दारात नेऊन बघते."

"तेच. एकटक बघत बसलं की डोळा आशेला लागतो. आपल्याला पाहिजे तोच रंग दिसतो. म्हणून मी बघत नाही. तुम्ही बघा, आणि मला सांगा."

मला सांगा, म्हणजे मलाच. आमच्याकडे एक चष्मेवाला हाउससर्जन होता, नुकताच डॉक्टर झालेला, चांगला मुलगा, पण सरांना बरं वाटावं म्हणून तो काहीही बोलायचा. टॉवेल उचलायच्या आत म्हणायचा, "आला सर, मस्त गुलाबी." त्याचं सर ऐकून घ्यायचे आणि मग विचारायचे, "सिस्टर, रंग?" मला गोड बोलता येत नाही. माझी आई म्हणायची, "तुह्या जिभेले हाड नाही वं, मिरची आहे." त्या मिरचीचा उपयोग आयुष्यात फक्त या एका ठिकाणी झाला. माझे रंग स्वयंपाकघरातले होते. काळं-जांभळं असलं की मी म्हणायची, "वांगी." थोडं उतरलं की, "आमसूल." आणि खरंच रक्त आलं, चमक आली, की, "भुईमूग, सर." ओल्या शेंगेतला दाणा सोलल्यावर जसा तांबूस-गोरा दिसतो ना, चांगलं आतडं तसं दिसतं. सर मग उठायचे, वळायचे, बोटाने टिचकी मारून आतडं हलतं का बघायचे, आणि म्हणायचे, "भुईमूग. बरोबर."

भुलीच्या डॉक्टरबाई मात्र वैतागायच्या. त्यांचं लक्ष रोग्याच्या नाडीवर आणि घड्याळावर. "सर, झोपायचं पेशंटनं असतं. तुम्ही नका झोपू," असं त्या दर वेळी म्हणायच्या. सर भिंतीलाच उत्तर द्यायचे, "बाई, रक्ताला लांबून यायचं आहे. त्याला टांगा नाही मिळत."

शिकवायचेही तसेच. एखाद्या दुपारी केस संपली की खालच्या कॅन्टीनमध्ये चहा मागवून हाउससर्जनला बसवायचे आणि पोटातलं रक्त कुठून येतं ते विचारायचे. मीही ऐकत असायची, कारण बसायला तेवढाच वेळ मिळायचा. पाठीच्या कण्यासमोरून मोठी रोहिणी खाली येते, तिला पोटासाठी समोरून तीन फांद्या. त्यांची मोठाली लॅटिन नावं पोरं पाठ करायची. सर म्हणायचे वरची, मधली, खालची. "वरची म्हणजे श्रीमंत घर. जठर, यकृत, प्लीहा. जठराला तर चारी बाजूंनी रक्त, लाडाचं लेकरू. एक बंद झाली तर दुसरी आहे. खालची म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, गरिबाचा संसार, कसंतरी भागतं. पण मधली? अख्खं लहान आतडं आणि मोठ्याचा बराच भाग एकट्या मधलीवर. ती बंद पडली की घर बसलं."

मग विचारायचे, "आणि मोठ्या आतड्याचा तो डावा वरचा कोपरा? प्लीहेखालचा?"

हाउससर्जन सांगायचा, "त्याला दोन्हीकडून येतं सर. मधलीचंही आणि खालचीचंही."

"म्हणजे चैन आहे त्याची?"

"हो सर."

"गाढवा. दोन घरचा पाहुणा उपाशी. मधलीला वाटतं खालची देईल, खालचीला वाटतं मधली देईल. रक्त कमी पडलं की आधी सुकतो तो कोपरा." मग माझ्याकडे वळायचे, "सिस्टर, तुम्ही का रागावल्यासारख्या दिसता?"

"माझा चेहराच तसा आहे, सर."

असे दिवस चालले होते. दमायचे, पण चालले होते.

मग सक्करदऱ्याचा तो मुलगा आला. सायकलच्या दुकानात कामाला होता, अजून मिसरूड नीट फुटायची होती. हर्निया होता आणि लाजेपायी कुणाला सांगितला नव्हता. अडकून दुखायला लागला तेव्हाही दोन दिवस लपवला. सरांनी उघडलं तर आतड्याचं एक वेटोळं काळंठिक्कर. मोकळं केलं, टॉवेल टाकला, स्टूल ओढलं. त्या दिवशी आम्ही फार थांबलो. मी टॉवेल बदलत राहिले. बराचसा भाग भुईमुगावर आला, पण एका कडेला बोटभर पट्टा आमसुलावरच अडला.

"सिस्टर, रंग?"

"अर्धवट, सर. कडेला सांगता येत नाही."

हाउससर्जन म्हणाला, "आलाय सर. येतोच आहे."

सर उठले. वळून बघितलं. बोटांनी चाचपून बघितलं, बाजूच्या बारीक रक्तवाहिन्या ठोके देत उडत होत्या. पोरगं कोवळं, कशाला कापायचं, असं त्यांना वाटलं असावं. मलाही वाटलं. आतडं त्यांनी आत ठेवलं आणि पोट शिवलं. मुलगा शुद्धीवर आला, पाणी मागितलं, आईशी बोलला. आणि काही दिवसांनी ती कडच फुटली. परत उघडलं, पण तोवर पोटात सगळं विष झालं होतं. तो गेला.

त्याचे वडील दुसऱ्या दिवशी थिएटरच्या दाराशी आले. मिलमध्ये कामाला होते, अंगावर मिलचाच खाकी सदरा. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. ते सरांपुढे हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, तुमी माह्या पोरासाठी लय वेळ थांबले म्हणे. दुसरा कोनी नसता थांबला. तुमचे उपकार आहेत जी."

त्या माणसाने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवी माणूस दोन दिवसांत विसरतो. सरांनी हात जोडले आणि हात धुवायला निघून गेले. हात धुवायची काही गरज नव्हती.

त्यानंतर स्टूल कोपऱ्यात गेलं. कुणी ठरवून नेलं नाही. सरांचा पाय त्याच्याकडे जाईना, म्हणून थिएटर झाडणाऱ्या मावशीने एक दिवस ते भिंतीशी सारलं आणि त्यावर फडक्यांचा ड्रम ठेवला. आता आतडं काळं दिसलं की सर विचारायचे, "शंका आहे?" हाउससर्जन म्हणायचा, "थोडी आहे सर." "मग काढा." आणि काढायचे. हात तसाच साफ, टाके तसेच सुरेख. हात-दीड हात आतडं गेलं तरी माणूस जगतो, त्यामुळे नुकसान कुणाचं झालं असं म्हणता येणार नाही. केसेस लवकर संपायला लागल्या. भुलीच्या डॉक्टरबाई उजेड असताना घरी जायला लागल्या. त्यांनी तर एकदा मला म्हटलंही, "तुझे सर आता माणसात आले गं."

माझ्या पायांनाही आराम पडला. खोटं कशाला बोलू. पण मला कुणी रंग विचारेना. सलाईन गरम करून ठेवायची सवय जात नव्हती, रोज ठेवायची, रोज निवायचं. सर कॅन्टीनमध्येही येईनासे झाले. चहा खोलीतच मागवायचे आणि तसाच ठेवायचे. या माणसाचा विश्वास उडाला होता. आतड्यावरचा नाही. स्वतःच्या थांबण्यावरचा. मला फार वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की मी जास्तच करवादते, त्यामुळे त्या वर्षात थिएटरच्या मावशीने माझ्यामुळे दोनदा बदली मागितली.

पुढल्या उन्हाळ्यात खाप्याहून एक बाई आली. पंचविशीची, नवरा हातमागावर लुगडी विणायचा. बैलगाडी, मग एस.टी., मग रिक्षा, अशी दुखण्यात गुडघे पोटाशी घेऊन ती आली होती. उघडलं, तर काळं. सगळं लहान आतडं. एक वेटोळं नाही, दोन नाही, सगळं. साडीच्या निऱ्या वीतभर जागेत खोचलेल्या असतात आणि खाली घेर होतो, तसं लहान आतडं मागे वीतभर जागेत बांधलेलं असतं आणि तिथूनच त्याला मधलीचं रक्त येतं. त्या बांधलेल्या जागीच सगळ्याला पीळ पडला होता. वांगी, वरपासून खालपर्यंत.

हाउससर्जन हलक्या आवाजात म्हणाला, "सर, बंद करू या का?"

बंद करायचं म्हणजे शिवायचं आणि नवऱ्याला जाऊन सांगायचं. कारण सगळं काढलं तर बाई जगून काय करणार? खाल्लेलं अंगी लागायला आतडंच नाही. शिरेतून जन्मभर अन्न द्यायची सोय आमच्याकडे तेव्हा नव्हती. आणि सगळं ठेवलं, तर त्या मुलाच्या बोटभर कडेने जे केलं ते इथे सगळ्या पोटात होणार. सरांची "शंका आहे? मग काढा" ही युक्ती या बाईपुढे संपली होती.

 सरांनी दोन्ही हातांनी आतडं उचलून पीळ ज्या बाजूने पडला होता त्याच्या उलट, हळूहळू, सगळा गोळा फिरवला. पीळ सुटला. रंग तोच. मग ते तसेच उभे राहिले. आणि मी बघितलं, त्यांचा उजवा पाय मागे सरकला आणि फरशीवर काहीतरी शोधू लागला.

"स्टूल आन वं," मी मावशीवर ओरडले. "तो ड्रम ठेव खाली. लवकर."

मावशीने स्टूल त्यांच्या पायाशी सरकवलं. सर बसले. टेबलाकडे पाठ. हात फडक्यात गुंडाळून छातीशी धरले. मग भिंतीला म्हणाले, "टॉवेल टाका, सिस्टर."

सलाईन गरम होतंच. मी टॉवेल टाकले, एक नाही, चार. कूलरमधलं पाणी कधीच संपलं होतं. भुलीच्या डॉक्टरबाईंनी त्या दिवशी घड्याळ बघितलं नाही. नाडीवर बोट ठेवून म्हणाल्या, "चालू द्या सर. मी सांभाळते हिला."

"सिस्टर, रंग?"

"वांगी."

मी टॉवेल बदलले. माझ्या पिंढऱ्यांत गोळे येत होते.

"रंग?"

"वांगीच, सर."

ते "तुम्हीही बसा" म्हणाले नाहीत, विसरले असावेत, आणि मीही आठवण करून दिली नाही.

"रंग?"

"वरच्या टोकाला आमसूल." मी टॉवेलची कड थोडी उचलली. "थांबा सर. वळू नका."

मी सरांना हुकूम सोडला होता. ते वळले नाहीत. टॉवेलच्या कडेखालून मला दिसत होतं, रंग वरून खाली उतरत होता, ओल्या भिंतीत ओल चढते तसा, पण उलटा. खूप वेळाने मी म्हटलं, "भुईमूग, सर. वरचं सगळं. खालचंही येऊन राहिलं." घाईत मी नागपुरी बोलले.

"सगळं?"

हाउससर्जन आता शिकला होता, तो गप्प होता.

"मधे हातभर अर्धवट आहे," मी म्हटलं.

अर्धवट. तोच शब्द. त्या मुलाच्या वेळचा. मला दुसरा शब्द सापडला नाही, आणि असता तरी मी वापरला नसता. सरांची पाठ तशीच राहिली. मग ते उठले, वळले, त्या हातभर भागाकडे बघितलं आणि म्हणाले, "आज नाही ठरवायचं. उद्या परत उघडू."

मुद्दाम पोट परत उघडायचं, ही गोष्ट तेव्हा आमच्याकडे कुणी केली नव्हती. बाहेर नवरा भिंतीला टेकून बसला होता. सरांनी त्याच्या खांद्यावरचा दुपट्टा मागून घेतला, त्याला पीळ घालून दाखवला, सोडून दाखवला. म्हणाले, "पीळ सुटला आहे. पण मधला थोडा भाग जगते का मरते ते आज समजून नाही राहिलं. उद्या सकाळी परत बघा लागते."

"परत पोट फाडा लागन? काहून जी?"

"आज कापलं आन् ते जिवंत असलं, तर तिचं नुकसान. ठेवलं आन् ते मेलेलं असलं, तर ती जाईन. म्हणून थांबा लागते."

नवऱ्याने दुपट्टा परत खांद्यावर टाकला. "तुमी थांबले तर मी बी थांबतो जी," तो म्हणाला.

सकाळी उघडलं. हातभर नव्हे, त्याहूनही कमी, वीतभर तुकडा मेला होता. सीमा अगदी स्पष्ट होती, लहान पोरानेही दाखवली असती. तेवढाच काढला. कापलेल्या दोन्ही टोकांतून लाल रक्त आलं तेव्हा सर म्हणाले, "आली बघा मधली." बाकी सगळं आतडं भुईमूग.

मग वॉर्डात रोज सकाळी सरांचा एकच प्रश्न. पोटाच्या ऑपरेशननंतर आतडं जागं झालं हे कळायची पक्की खूण एकच, आणि ती सर खणखणीत आवाजात विचारायचे, "वारा सरला का?" ती बिचारी पदरात तोंड लपवायची. एका सकाळी तिची सासू लांबूनच, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली, "सरला जी साहेब! पहाटेपासून सरून राहिला!" सर हसले. किती दिवसांनी हसले ते मला सांगता येत नाही, पण चष्मेवाला माझ्याकडे बघायला लागला आणि मी पाठ फिरवली.

स्टूल परत टेबलाशी आलं. सर निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिलं. अर्धवट असलं की आता ते उद्यावर टाकायचे. भुलीच्या डॉक्टरबाई परत अंधारात घरी जायला लागल्या आणि परत कुरकुरायला लागल्या. माझे पाय परत दुखायला लागले.

निवृत्तीनंतर सर रामदासपेठेत राहायचे, एकटेच. त्यांच्या पत्नी आधीच वारल्या होत्या, मुलगी जबलपूरला. रस्त्यात भेटले की विचारायचे, "काय सिस्टर, सध्या काय शिजतंय?" मी म्हणायची, "वांगी." त्यांची नाडी बेताल झाली होती, ते त्यांनीच सांगितलं. "कधी तीनताल, कधी झपताल," म्हणाले. "हृदयात रक्ताची गुठळी धरते अशानं. सुटली की कुठे जाईल ते तिचं तिलाच माहीत."

ती कुठे गेली ते त्यांनी स्वतःच ओळखलं. एका दुपारी सायकलरिक्षा करून आमच्याच दवाखान्यात आले. तोवर चष्मेवाला स्वतः सर्जन झाला होता, आणि मी थिएटरची मुख्य सिस्टर, निवृत्तीला आलेली. सर पलंगावर घामाघूम पडले होते, आणि त्याही स्थितीत त्यांनी त्याला आपली नाडी बघायला लावली.

"बेताल आहे, सर."

"पोट?"

"मऊ आहे."

"आणि दुखतंय किती, ते बघतोस ना? पोट मऊ आणि दुखणं जीवघेणं. मग कुठली बंद झाली ते सांग."

चष्मेवाल्याने नाडीवरचं बोट उचललं. मग म्हणाला, "मधली."

"पास," सर म्हणाले. मग मान वळवून मला म्हणाले, "सिस्टर, माझ्या वेळेला टॉवेल तापवू नका. तुमचे पाय दुखतात."

"बरं, सर," मी म्हटलं, आणि जाऊन सलाईन तापत ठेवलं.

उघडलं. लहान आतडं सगळं, आणि मोठ्याचा अर्धा. मुळाशी बोट लावलं तर वाहिनी उडत नव्हती. चष्मेवाल्याने आत अडकलेली गुठळी काढायचा प्रयत्न केला. थोडी निघाली, पण फार उशीर झाला होता. मग त्याने हात काढले, पायाने स्टूल ओढलं आणि टेबलाकडे पाठ करून बसला. त्याचे खांदे हलत होते. मी टॉवेल टाकले. मुख्य सिस्टरने हे काम करायचं नसतं, पण त्या दिवशी मी कुणाला जवळ येऊ दिलं नाही. पाणी निवलं की बदलायची, परत टाकायची.

"सिस्टर, रंग?"

"वांगी."

तो परत विचारेना. मीच सांगत राहिले, वांगी, वांगी, जोवर भुलीच्या डॉक्टरांनी पुरे म्हटलं नाही तोवर. मग शिवलं.

संध्याकाळी सरांना थोडी शुद्ध आली. मुलगी जबलपूरहून निघाली होती. खोलीत मी एकटीच. त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं, आणि विचारलं, "रंग?"

आयुष्यभर ज्या जिभेला आईने मिरची म्हटलं, ती त्या क्षणी गोड करावी असं मला फार वाटलं. एक शब्दच बोलायचा होता. पण या माणसाने पाठ फिरवून माझ्या शब्दावर एवढी पोटं सोपवली होती.

"नाही आला, सर."

"थांबलात?"

"लय वेळ."

"टॉवेल गरम होता?"

"होता. मी स्वतः टाकला."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. मी उभीच आहे असं बघून म्हणाले, "तुम्हीही बसा, सिस्टर."

मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. माझे हात मोकळे होते. पलंगाखाली स्टूल होतं, ते मी पायाने ओढलं आणि बसले.